न पाहिलेले सहा दिवस

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. गळ्यात अडकवतात तसली दोन डोळ्यांची नव्हे. मी लांब नळीची, तीन पायांच्या स्टँडवर उभी राहणारी, एका डोळ्याची. इमारतीतली मुलं मला काणी म्हणतात. म्हणू देत. दोन डोळ्यांच्या दुर्बिणींना जिथे नुसता ठिपका दिसतो, तिथे त्या ठिपक्याच्या चोचीला पीस चिकटलंय की नाही, हे मी दाखवते. फक्त बोलता मला येत नाही. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण एकदा असे दोन दिवस आले की बोलता येत नाही म्हणून माझा जीव नुसता तळमळला. तेच आज सांगणार आहे.

आधी माझं थोडं मागचं ऐका. माझी भिंगं एका हट्टी कारागिराने घासली. दोनदा त्याने मला नापास केलं. तिसऱ्यांदा उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि "हं" म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा जास्त कौतुक कुणी ऐकलं नव्हतं, असं दुकानातली माणसं सांगत. मग एक तरुण मोजणीदार मला घेऊन गेला. आठवडाभर जमिनी मोजायच्या आणि सुट्टीला मला खांद्यावर टाकून कड्याकपारींकडे सुटायचं, असा त्याचा खाक्या. त्याला वेड शिकारी पक्ष्यांचं. गरुड घरटं कसं रचतो, घारी एकमेकींची शिकार कशी हिसकावतात, ससाणा वरून सूर कसा मारतो, हे आम्ही दोघांनी वीस वर्षं पाहिलं. उन्हाने माझी नळी तापली, थंडीने माझे स्क्रू आखडले, पण मी कधी कुरकुर केली नाही.

मोजणीदाराची एक शिस्त होती, ती नीट ध्यानात ठेवा. मोजणीच्या वहीत रबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. पक्ष्यांच्या वहीलाही त्यांनी तोच नियम लावला. दिसलं ते वहीत लिहायचं, आणि वाटलं ते घरी जाऊन बायकोला सांगायचं, असं ते हसत म्हणायचे. पुढे बायको गेली. मग डोळेही गेले. एक दिवस त्यांनी मला डोळा लावला, उजेडाचा एक धुरकट डाग तेवढा दिसला असेल, आणि काही न बोलता मला पेटीत ठेवलं. चार वर्षं मी अंधारात होते. माझ्या काचेच्या कडेला बुरशीचा एक धागा धरला, तो अजून आहे.

मला बाहेर काढलं त्यांच्या सुनेने, आणि तेही अपघातानेच. ही सूनबाई कपडे शिवते. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. सहाव्या मजल्यावरच्या खिडकीशी तिचं मशीन, आणि मशीनशेजारी सासऱ्यांची वेताची खुर्ची. समोर शंभर पावलांवर एका बंद कारखान्याचं उंच धुराडं. त्याच्या गळ्याशी विटांचा रुंद कडा आहे, आमच्या खिडकीच्या किंचित खाली. एका सकाळी सुई ओवता ओवता ती म्हणाली, "बाबा, त्या धुराड्यावर हल्ली एक घार येऊन बसते."

"घार? शेपटी मधे दुभंगलेली आहे का?"

"मला काय ठाऊक. मी कधी तिचा झगा शिवला नाही."

"बघून सांग की."

तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "सरळ आहे. आणि बाबा, तिला मिशा आहेत. गालावरून खाली काळ्या."

मोजणीदार खुर्चीतून उठले. "मिशा? पेटी काढ. पलंगाखालची पेटी काढ आधी."

तो बहिरी ससाणा होता, मित्रांनो. जोडीच होती. वीस वर्षं ज्यांच्यासाठी आम्ही कडे धुंडाळले ते आमच्या खिडकीसमोर घर मांडून बसले होते, आणि आमच्या मोजणीदारांना दिसत नव्हतं. मग त्या घरात एक रीत पडली. दर अर्ध्या तासाला सूनबाईने मशीन थांबवायचं, पाच मिनिटं मला डोळा लावायचा आणि दिसेल ते मोठ्याने सांगायचं. सासऱ्यांनी प्रश्न विचारायचे. मान कुठे वळलीय, पंख अंगाला चिकटून आहेत की सैल, कोण मोठं, कोण लहान. मादी मोठी असते, हे तिला चौथ्या दिवशी पाठ झालं. मग तिनेच ते वहीत लिहायचं, कारण मोजणीदारांचं अक्षर आता एकावर एक चढायचं. म्हातारबाबा परत माणसांत आले. जेवताना बोलू लागले. जिन्यात भेटेल त्याला धरून अंड्यांचा हिशेब सांगू लागले. अंडी तीन होती.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जी फक्त सूनबाईला आणि मला ठाऊक होती.

शाळा उघडायला आठवडा उरला होता आणि सूनबाईच्या डोक्यावर दीडशे गणवेश होते. कापडाचा भुगा घरभर उडत होता. माझ्या काचेवर बसू नये म्हणून तिने माझ्यावर उशीचा जुना अभ्रा घातला. "आजचा दिवस फक्त," असं पुटपुटली. तो अभ्रा सहा दिवस निघाला नाही. अर्धा तास झाला की मोजणीदार विचारायचे, "काय चाललंय?" आणि ती मशीनवरून न उठता सांगायची, "बसलीय, बाबा." बरं, त्यात फार खोटं नव्हतं. मादी महिनाभर बसूनच होती. पण अभ्रा घातला त्या पहिल्याच दिवशी मोजणीदारांचा हिशेब सांगत होता की अंडं आज फुटायला हवं. सकाळपासून चार वेळा त्यांनी विचारलं. चौथ्यांदा सूनबाईच्या तोंडात टाचण्या होत्या आणि दारात शाळेचा माणूस उभा होता. ती म्हणाली, "फुटलं, बाबा. पांढरं आहे, कापसाच्या बोळ्यासारखं."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की ती शब्द मागे घेऊ शकली नाही. त्यांनी इमारतभर सांगितलं. तिने वहीत तारीख लिहिली. मी अभ्र्याखाली उभी राहून सगळं ऐकत होते आणि माझा नुसता चडफडाट होत होता.

सातव्या दिवशी अभ्रा निघाला तेव्हा मादी तशीच घट्ट बसलेली होती. नवव्या दिवशी तिच्या पोटाखालून एक डोकं वर आलं. तीन अंड्यांतून एकच पिल्लू, आणि डोकं जेमतेम बोराएवढं. सूनबाईने सुटकेचा श्वास टाकला. खोटं खपून गेलं, असं तिला वाटलं असणार. पण मी वीस वर्षं पिल्लं पाहिलेली. आठ-नऊ दिवसांचं पिल्लू एवढं लहान नसतं. ते त्या सहा दिवसांत कधीतरी जन्मलं होतं. पहिल्या दिवशी की सहाव्या, देव जाणे. त्या वेळी त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून तीही विसरली.

पिल्लू मात्र भराभर वाढलं. पांढरी लव जाऊन तपकिरी पिसं आली. कड्यावर येरझारा घालू लागलं, पंख झटकू लागलं. दिवसातून चार-पाच वेळा आईबाप कबुतर, साळुंकी असं काहीबाही आणायचे. आणि मग एका सकाळी ते यायचे थांबले.

सहा वाजता सूनबाईने लिहिलं, अन्न नाही. साडेसहाला लिहिलं, अन्न नाही. संध्याकाळपर्यंत पान त्याच दोन शब्दांनी भरलं. पिल्लू चोच उघडून ओरडत होतं. खिडकी उघडली की तो आवाज बारीक, किरकिरा, खोलीत यायचा. मी ते पिल्लू तिच्या डोळ्याजवळ आणून ठेवायची, हात लांबवला तर भरवता येईल इतकं जवळ. 

"बाबा, पूर्ण दिवस झाला. कुणी फिरकलं नाही."

"मुद्दाम करतात," मोजणीदार शांतपणे म्हणाले. "पिल्लू उडायला आलं की आईबाप भरवणं बंद करतात. अन्न घेऊन समोरून जातात, दाखवतात, आणि देत नाहीत. भुकेने त्याने कडा सोडावा म्हणून. मी दोनदा पाहिलंय. आज कितवा दिवस?" त्यांनी बोटांवर मोजलं. "एक्केचाळिसावा. अगदी वेळेवर आहे बेटं."

"पण घेऊन जातानाही कुणी दिसत नाही."

"दिसेल."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "आणि समजा, एक्केचाळीस नसले तर? पस्तीसच असले तर?"

"मग गोष्ट वेगळी. पस्तीसच्या पिल्लाला आईबाप असं उपाशी ठेवत नाहीत. मग समजायचं की त्यांचंच काही बरंवाईट झालं. तारेला धडकले, विष खाल्लेलं कबुतर खाल्लं. तसं असेल तर पिल्लू दोन-तीन दिवसांचं सोबती." ते हसले. "पण तारीख तूच तर लिहिलीयस. मग कशाला घाबरतेस?"

सूनबाईने मशीन सुरू केलं. शिवण तिरकी जात होती. तिने ती उसवली, परत घातली, परत तिरकी गेली. मला तिचा राग आला होता, मित्रांनो, पण त्या वेळी तिचा चेहरा पाहून राग टिकेना. एका क्षणात सांगून टाकायची गोष्ट होती, आणि ती सांगायला तिला तोंड नव्हतं. म्हातारा त्या तारखेवर जीव टाकून बसला होता. ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि हळू आवाजात कुणाला तरी फोन केला.

दुसरा दिवसही तसाच उजाडला. सहा, अन्न नाही. सात, अन्न नाही. आठ वाजता पिल्लू ओरडायचं थांबलं आणि कड्याच्या कोपऱ्यात बसून राहिलं. हे काही बरं लक्षण नव्हतं. दहाच्या सुमारास मोजणीदारांनी कान टवकारले.

"धुराड्याकडून लोखंडावर काही वाजतंय."

सूनबाईच्या हातातली कात्री खाली आली. "मिस्त्री आहेत, बाबा. उंचावरची कामं करणारे. मी बोलावलं. पिशवीत घालून खाली आणतील पिल्लाला."

धुराड्याच्या अंगाला तळापासून वरपर्यंत लोखंडी कड्यांची शिडी आहे. मिस्त्री त्यावरून चढत होता आणि त्याची बायको खाली दोरी धरून उभी होती. ही दोघं नेहमी जोडीनेच काम करत.

मोजणीदार ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "अगं, वेडबिड लागलंय का तुला? बेचाळीस दिवसांचं पिल्लू माणूस दिसला की कड्यावरून उडी टाकतं. वारा नाही, घाई नाही, आपणहून निघालं तर तरेल ते. घाबरून निघालं तर आपटेल. खाली बोलाव त्याला. मी बेचाळीस दिवस मोजलेत."

"तुम्ही मोजलेत, बाबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मशीनच्या चाकाचा आवाज असता तर ऐकू आला नसता. "मी पाहिले नाहीत. गणवेशांच्या वेळी दुर्बिणीवर अभ्रा होता. सहा दिवस. अंडं फुटलं हे मी नुसतं म्हटलं. कधी फुटलं ते मला माहीत नाही."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. मोजणीदार ओरडले नाहीत. त्यांनी हाताने चाचपून खिडकीची चौकट धरली.

"सहा दिवस?"

"हो."

"आणि तो कापसाचा बोळा?"

"माझ्या मनातला."

"मी लोकांना सांगत फिरलो," ते म्हणाले. "जिन्यात अडवून अडवून सांगितलं."  माणसाचे डोळे गेले म्हणजे तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर सगळा भार टाकतो, आणि तो भार असा निसटला की त्याला कुठे आधार राहत नाही. सूनबाई रडत होती आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडावर धरून होती.

"रडायला मागाहून खूप वेळ आहे," मोजणीदार म्हणाले. "मिस्त्री कुठवर आलाय?"

तिने खिडकीतून पाहिलं. "निम्म्याच्या वर."

"त्याला आहे तिथे थांबव. वर नको, खालीही नको. हालचाल नको."

तिने मिस्त्रीणबाईला फोन लावला. खालून मोठ्याने हाक गेली. मिस्त्रीने कमरेचा पट्टा कडीला अडकवला आणि धुराड्याला बिलगून राहिला. कड्याच्या खाली तो आता तीन माणसांच्या उंचीएवढ्या अंतरावर होता. पिल्लाने त्याचा आवाज ऐकला असणार. ते कोपऱ्यातून उठून कड्याच्या अगदी टोकाशी आलं होतं.

"आता नीट ऐक," मोजणीदार म्हणाले. "तारखा गेल्या चुलीत. छत्तीसचं असेल तर ते खरंच उपाशी मरतंय आणि माणूस चढवायलाच हवा. बेचाळीसचं असेल तर माणूस चढला की ते मेलं. तुला जे दिसतंय त्यावरून ठरवायचं आहे, आणि मला दिसत नाही. डोळा लाव. डोक्यावर पांढरी लव आहे?"

तिने माझ्यावर डोळा टेकवला. तिच्या पापण्या ओल्या होत्या, माझी काच धुरकटली. तिने पुसली. पदराने पुसली, पण त्या वेळी मी काही मनात धरलं नाही.

"आहे. थोडी."

"थोडी म्हणजे किती? तू शिंपीण आहेस, मापात सांग."

"शर्टाच्या गुंडीएवढी. टाळूवर. आणि पंखाखाली एक झालर."

"शेपूट?"

"मिटलेल्या पंखांच्या टोकापेक्षा बोटभर आखूड."

मोजणीदारांनी डोळे मिटले. "हे बेचाळीसचंही असतं. छत्तीसचंही असतं. यावरून कळायचं नाही."

फोनमधून मिस्त्रीणबाई म्हणाली, "ताई, हे विचारताहेत किती वेळ लटकायचं. हात भरून आलेत. संसार मोडायचा असेल तर तसं सांगा, मी मोकळी होते." तिचं बोलणं थट्टेचं होतं, पण आवाज ताणलेला होता.

"पाच मिनिटं, वहिनी," सूनबाई म्हणाली.

 मी पिल्लाला धरून ठेवलं होतं. त्याचे पिवळे पंजे विटेच्या कडेवर आवळलेले मला स्पष्ट दिसत होते. एक पंजा हवेत पुढे झाला, मागे आला. माझ्यात होतं-नव्हतं ते सगळं मी दाखवत होते, आणि ते पुरत नव्हतं.

"सूनबाई," मोजणीदार अचानक म्हणाले, "दोन दिवस तू दुर्बीण कशावर लावून बसलीस?"

"पिल्लावर."

"सारा वेळ?"

"सारा वेळ. अर्धा तास व्हायचीही वाट पाहिली नाही मी. हातातलं काम टाकून टाकून तेच पाहिलं."

"मग काढ. डोळा काढ तिच्यावरून. नुसती बाहेर बघ. आकाश बघ."

मित्रांनो, हे ऐकून मला कसं वाटलं ते काय सांगू. पण खरं ते खरं. माझ्या गोल चकतीत एक कडा मावतो, आकाश मावत नाही. मी जवळ आणते, त्याची किंमत ही. पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगते, कारण माझं तोंड कड्याकडे होतं.

"दिसत नाही काही," सूनबाई म्हणाली. खिडकीचं दार आणखी उघडल्याचा आवाज आला. मग, "पाण्याच्या टाकीवर एक ठिपका फिरतोय, बाबा. मोठी चक्कर मारतोय. इकडे येतोय. मादीच आहे, मोठी आहे. तिच्या पायांत काहीतरी लोंबतंय."

"काहीतरी नको. काय?"

"थांबा. पंख आहे. एक पंख खाली लोंबतोय. कबुतर आहे."

मोजणीदारांच्या हातातली चौकट करकरली.

आणि मग ती माझ्या चकतीत आली. हे मात्र मी पाहिलं. मादी कड्याजवळून आली, बसली नाही, पंख पसरून वाऱ्यावर क्षणभर तरंगली, चार हातांवर. पायांत कबुतर. पिल्लू तिच्याकडे झेपावलं. जोरजोरात पंख मारले. मादी वळून दूर गेली, तिने परत चक्कर घेतली, परत आली, परत तसंच दाखवलं. सूनबाई आता माझ्यावर टेकली होती.

"देत नाहीये," ती म्हणाली. "दाखवतेय फक्त. पिल्लू पंख मारतंय. वर उचललं गेलं. बाबा, पाय सुटले त्याचे."

"सुटले म्हणजे?"

"विटेवरून सुटले. वीतभर. परत टेकले."

"बघितलंस, की वाटलं तुला?"

 मादीने तिसरी चक्कर घेईपर्यंत ती थांबली. "बघितलं," ती म्हणाली. "आत्ता परत सुटले. आता वीतभराहून जास्त."

"उतरव त्याला," मोजणीदार म्हणाले. "अगदी सावकाश उतर म्हणावं. वर बघू नको म्हणावं."

मिस्त्री एकेक कडी उतरू लागला. त्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत खोलीत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. खाली आल्यावर त्याने फोन मागून घेतला आणि विचारलं, "ताई, मला हे सांगा, मी नक्की कशाला चढलो होतो?"

"माझ्या चुकीसाठी," सूनबाईने सांगितलं. मिस्त्रीला त्यातलं काही कळलं नाही, पण तो बरं म्हणाला.

त्या संध्याकाळी सूनबाईने वही काढली. सहा दिवसांच्या सगळ्या नोंदींवर तिने एकेक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, पाहिले नाही. प्रत्येक ठिकाणी सही केली. मोजणीदार खुर्चीत बसून पेनाचा आवाज ऐकत होते. ते तिच्याशी काही बोलले नाहीत. रात्री जेवतानाही नाही. तिने ताटात वाढलं आणि ते जेवले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पिल्लू कड्यावर होतं. नऊला सूनबाईने डोळा लावला आणि कडा रिकामा होता.

मोजणीदारांनी तिचा थांबलेला श्वास ऐकला. "उडालं?"

मला ठाऊक आहे, तिला काय सांगावंसं वाटलं असेल. पंख पसरले, एकदा घसरलं, मग सावरलं आणि टाकीपलीकडे गेलं, असं दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर त्या खोलीत परत पहिल्यासारखं झालं असतं. 

"मी पाहिलं नाही, बाबा. साडेआठला होतं. आता कडा रिकामा आहे. उडालं की पडलं, मला माहीत नाही."

मोजणीदारांनी मान हलवली. "बरं. तसंच लिही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आदल्या दिवसाचा राग नव्हता.

ती पायात चपला सरकवून खाली धावली. मिस्त्री आणि मिस्त्रीणबाईही आले. तिघांनी धुराड्याच्या पायथ्याशी झुडपं बाजूला करून, पत्रे उलटून, विटांचा ढीग हलवून शोधलं. पीस मिळालं नाही, रक्त मिळालं नाही. पण मांजरं तिथे पुष्कळ होती, म्हणून त्यानेही काही ठरत नव्हतं. त्या दिवशी काही दिसलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सूनबाई आता डोळ्यात तेल घालून पाहायची, आधी नुसत्या डोळ्यांनी सगळं आकाश, मग माझ्यातून धुराडं. आणि प्रत्येक अर्ध्या तासाला खाली मान घालून सांगायची, "नाही, बाबा."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती हाताने शर्टाचे काज करत होती. मोजणीदारांनी एकदम हात वर केला. "मशीन थांबव."

"मशीन बंदच आहे."

"मग श्वास थांबव." त्यांनी मान तिरकी केली. "ते ओरडणं. डावीकडून. धुराड्यापासून लांब. उंचावरून येतंय. तिकडे काय आहे?"

"देवळाचा कळस... नाही, त्याच्या अलीकडे फोनचा मनोरा."

"लाव तिकडे."

तिने माझा स्क्रू सैल केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी धुराडं सोडून दुसरीकडे वळले. लोखंडाच्या पट्ट्या, तबकड्या, एक कावळा, परत पट्ट्या.  आणि मग, तबकडीच्या कडेवर, टाळूवरची ती गुंडीएवढी पांढरी लव.

"आहे," सूनबाई म्हणाली. मग तिने मापात सांगितलं. "मनोऱ्याच्या वरून दुसऱ्या तबकडीवर. पायाखाली कबुतर. पिसं उपटतंय. अर्धंअधिक खाऊन झालंय. मादी चार हातांवर बसलीय, मधे पडत नाही."

"कबुतर त्यानेच मारलं?"

"ते नाही पाहिलं, बाबा."

मोजणीदार मोठ्याने हसले. मी पेटीत गेल्यापासून असं मोठ्याने हसणं ऐकलं नव्हतं. मग ते चाचपडत उठले, माझ्या नळीवर हात ठेवला, वाकले आणि आपला डोळा माझ्या काचेला लावला. त्यांना काही दिसत नव्हतं, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. सूनबाई त्यांच्या कानाशी वाकून सांगत राहिली. आता मान वर केली, बाबा. आता चोच पुसतंय, लोखंडावर, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मी मात्र त्यांच्यासाठीही पिल्लू अगदी स्पष्ट, अगदी मधोमध धरून ठेवलं होतं.

माझी गोष्ट एवढीच, मित्रांनो. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला अंधाऱ्या पेटीत सडू देऊ नका. काच मऊ कापडाने पुसा, पदराने किंवा शर्टाच्या टोकाने नको. अभ्रा घातलात तर तो काढायची आठवण ठेवा. आणि ज्याला दिसत नाही असं कुणी तुम्हाला विचारेल, "काय दिसतंय?", तेव्हा दिसलं नसेल तर तसं सांगा. मी वस्तू आहे, मला खोटं बोलता येत नाही. पण खरंही बोलता येत नाही. ते तुम्हालाच बोलायला लागतं.